ज्याचा फोन ऐकला, त्याला ते कळले पाहिजे

२२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रीय गृह मंत्रालयाचे तीन आदेश रद्द केले. ऑक्टोबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या काळात एकामागून एक निघालेल्या या आदेशांनी एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याची मुभा सीबीआयला दिली होती. सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप त्याच्यावर होता. आरोप किरकोळ नव्हता. पण १८८५ च्या तार कायद्याचे कलम ५(२) फोन ऐकू देत होते ते सार्वजनिक आणीबाणी ओढवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच, आणि लाचेच्या या प्रकरणात दोन्हींपैकी एकही अट पुरी होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. टिपलेली संभाषणे नष्ट करायलाही सांगितले. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत फोन ऐकता येतो की नाही यावर पुढे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळे मत दिले, मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईचीच वाट धरली. तो वाद सर्वोच्च न्यायालय कधी तरी मिटवील. मला या खटल्यातली दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आपला फोन ऐकला गेला हे त्या माणसाला कळले कसे? त्याच्यावर खटला भरला गेला, आणि तपास यंत्रणेने त्याचीच संभाषणे पुरावा म्हणून पुढे केली, म्हणून. खटला झाला नसता तर त्याला ते जन्मात कळले नसते.

म्हणजे आपल्याकडे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला जातो, त्याला निदान पाळतीविरुद्ध दाद मागता येते. ज्याचे बोलणे महिनोन्‌महिने ऐकूनही आक्षेपार्ह काहीच सापडले नाही, त्याला मात्र दाद मागण्याचा मार्गच नाही, कारण दाद कशाबद्दल मागायची हेच त्याला ठाऊक नसते. सरकारी पाळतीवर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक वेळा पाळत असावी की नसावी, या प्रश्नापाशी येऊन अडकते. पाळत असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २६/११ च्या रात्री हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांच्यातली संभाषणे आपल्या यंत्रणांनी टिपली. कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती पुरावा म्हणून वजनदार मानली. असे कान सरकारला हवेतच. माझे म्हणणे एवढेच आहे, की पाळत संपल्यानंतर, तपासाला धोका उरलेला नसताना, ज्याच्यावर ती ठेवली त्याला तसे लेखी कळवणे सरकारवर बंधनकारक असले पाहिजे. बाकी सगळे संरक्षण या एका गोष्टीवर उभे राहते किंवा तिच्याअभावी कोसळते.

आजची व्यवस्था कशी चालते ते जवळून पाहिले, की हे पटेल. केंद्रात गृह सचिव आणि राज्यात गृह विभागाचा सचिव फोन ऐकण्याचा आदेश काढतो. आदेश ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. आदेश योग्य होता की नाही हे एक आढावा समिती पाहते. समितीची ही पद्धत १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात घालून दिली. राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल फुटून प्रसिद्ध झाला होता, त्यातून तो खटला उभा राहिला. आदेशापूर्वी न्यायाधीशाची परवानगी असावी ही मागणी त्या वेळी न्यायालयाने मान्य केली नाही. नियम करणे सरकारचे काम आहे असे सांगून तात्पुरती चौकट तेवढी आखून दिली. ती तात्पुरती चौकट २००७ मध्ये नियमात उतरली आणि तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम निघाले, तरी गाभा तोच राहिला. समितीत केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव आणि त्यांच्याच हाताखालचे इतर सचिव. आदेश काढणारा सचिव, तपासणारेही सचिव. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि ही तपासणी प्रत्यक्षात होते कशी? माहिती अधिकारात केंद्रीय गृह मंत्रालयाने एकदा सांगितले होते, की फोन ऐकण्याचे महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात. नियमाप्रमाणे समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. विदा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात याच आकड्यांकडे बोट दाखवून म्हटले, की एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासण्याचे काम वास्तवाला धरून नाही. समितीने हे संयमित भाषेत लिहिले आहे. हिशेब मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. समितीतले तीन ज्येष्ठ अधिकारी सकाळी बसले, मध्ये चहालाही न उठता आठ तास आदेशच वाचत राहिले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत आदेशावरचे नावसुद्धा नीट वाचून होत नाही. त्या माणसावर संशय का, दुसऱ्या मार्गाने माहिती मिळाली असती का, मुदत वाढवण्याचे कारण पटण्याजोगे आहे का, हे प्रश्न तर दूरच. यावर आणखी एक नियम आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कामकाजासाठी गरज नसेल तर पाळतीच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या. वरवर पाहता हा नियम नागरिकाच्या खासगीपणासाठी आहे, आणि नागरिकाला आधी कळवले असते तर तो खरोखर तसा ठरला असता. न कळवता नोंदी नष्ट केल्या, की नष्ट होतो तो सरकारने काय केले याचा पुरावा.

ही गुप्तता कोणाच्या सोयीची आहे हे राजकारण्यांनी तरी ओळखायला हवे होते, कारण तिचे चटके सगळ्यांत आधी त्यांनाच बसले आहेत. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पायउतार व्हावे लागले. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई टेहळणी करताना सापडले आणि त्यावरून चंद्रशेखर यांचे सरकार गेले. महाराष्ट्रात नाना पटोले, एकनाथ खडसे, संजय राऊत यांचे फोन ते समाजकंटक असल्याचे भासवून, बनावट नावांनी ऐकल्याचा आरोप एका पोलीस अधिकाऱ्यावर झाला. २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदवले गेले. मग सरकार बदलले. एका प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, दुसऱ्यात सरकारने खटल्याला मंजुरी दिली नाही, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. आरोप खरे होते की खोटे, हे महाराष्ट्राच्या जनतेला आजही माहीत नाही. आरोप खोटे असतील तर त्या अधिकाऱ्यावर अन्याय झाला. खरे असतील तर लोकशाहीवर. यापैकी नेमके काय झाले हे ठरवण्याचे एकही साधन आपल्या हाती नसावे, ही मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी बाब वाटते. तेलंगणात २०२३ च्या डिसेंबरमध्ये सत्ता गेल्यावर पाळतीच्या नोंदी असलेल्या हार्ड डिस्क नष्ट केल्याचा आरोप तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांवर आहे. पक्ष कोणताही असो, सत्तेत असताना ही यंत्रणा हवीशी वाटते आणि विरोधात बसल्यावर तिची भीती वाटते. ती बदलण्याचा उत्साह मात्र कोणत्याच बाकावर टिकत नाही.

तार आणि टेलिफोनच्या काळात निदान एक मर्यादा होती. बोलणे ऐकता येई, त्यापलीकडे काही नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पेगॅससचे प्रकरण बाहेर आले तेव्हा ती मर्यादा संपल्याचे जगाला कळले. एनएसओ या इस्रायली कंपनीचे हे हेरतंत्र फोनच्या मालकाने कशावरही बोट न ठेवता फोनमध्ये शिरू शकते. मग संदेश, छायाचित्रे, ठावठिकाणा, मायक्रोफोन, कॅमेरा, सगळे दुसऱ्याच्या ताब्यात. इस्रायल त्याला शस्त्रच समजतो. तिथल्या संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय ते विकता येत नाही, आणि आपण ते फक्त सरकारांनाच विकतो असे कंपनी सांगते. म्हणजे जी वस्तू शस्त्रांच्या नियमांखाली विकली जाते ती जगभर पत्रकार, वकील, विरोधी नेते यांच्या खिशातल्या फोनमध्ये सापडली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा निष्कर्ष न्यायालयात वाचून दाखवला गेला: तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. सरकारने पेगॅसस वापरले की नाही, याचे उत्तर सरकारने आजवर हो किंवा नाही या शब्दांत दिलेले नाही. फोनमध्ये घुसून तो ताब्यात घेण्याची स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यात नाही. उलट दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार गुन्हा आहे.

शिवाय जे सॉफ्टवेअर यंत्रातले वाचू शकते ते यंत्रात लिहूही शकते. एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीच्या संगणकात हेरगिरीच्या सॉफ्टवेअरद्वारे बाहेरून कागदपत्रे पेरली गेली होती, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये बचाव पक्षासाठी दिला. राष्ट्रीय तपास संस्थेला तो मान्य नाही, आणि त्यावर निवाडा न्यायालयातच व्हायला हवा. पण असा प्रश्न उभा राहू शकतो, एवढ्यानेच पाळतीच्या जुन्या कायद्याचा पाया हलतो. ऐकलेले बोलणे पुरावा म्हणून आणले, तर ते त्याच माणसाचे आहे का हे आवाजावरून ताडता येते. बाहेरून ताबा मिळवलेल्या यंत्रातली फाइल मालकाने ठेवली की पाहुण्याने, हे यंत्रात कोण केव्हा शिरले याची नोंद असल्याशिवाय कसे ठरवणार? ती नोंद कोणालाही दाखवायची नाही, असा आपला शिरस्ता.

पाळत कळवण्याच्या बंधनावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप युद्धाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देशाच्या सीमेवर शत्रू आहे, दहशतवादी मोबाइल वापरतात, ड्रोन उडवतात, सांकेतिक संदेश पाठवतात. अशा वेळी कागदी नियमांचे घोडे नाचवायचे का, असे लोक विचारतात. पहलगामच्या हत्याकांडानंतर आठवड्याभरात, एप्रिल २०२५ मध्ये, पेगॅससची सुनावणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा खंडपीठानेही म्हटले, की देशाने हेरतंत्र बाळगण्यात गैर काही नाही, प्रश्न ते कोणावर वापरले हा आहे. मला हे म्हणणे मान्य आहे. पण 'कोणावर' या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची सोय कायद्यात हवी ना? युद्धाच्या नावाने मिळवलेले अधिकार युद्धापुरते राहत नाहीत, हा आपलाच अनुभव आहे. २६/११ ला महिनाही झाला नव्हता तेव्हा, २२ आणि २३ डिसेंबर २००८ रोजी, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती जवळपास चर्चेविना संमत केली. तिच्यातल्या कलम ६९ मध्ये सार्वजनिक आणीबाणीची आणि सार्वजनिक सुरक्षिततेची ती जुनी, ब्रिटिशांनी घातलेली अट नाही, आणि 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे कारण मात्र आत आले. वसाहतीच्या सरकारने स्वतःवर घातलेले बंधन स्वतंत्र देशाच्या संसदेने या कायद्यात घातले नाही. कारण दहशतवाद होते. तरतूद मात्र किरकोळ गुन्ह्यालाही लागू पडते. दहा वर्षांनी, २० डिसेंबर २०१८ रोजी, याच कलमाखाली दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातली माहिती पाहण्याचे अधिकार मिळाले. त्यांत गुप्तवार्ता विभाग आणि रॉ यांच्याबरोबर प्रत्यक्ष कर मंडळही आहे.

अमेरिकेचा अनुभव तर अधिक बोलका आहे. ११ सप्टेंबरनंतर तिथल्या सरकारने कोट्यवधी नागरिकांच्या फोन कॉलच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी ते उघड केल्यावर खासगीपणावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या वैधानिक मंडळाने गोपनीय कागदपत्रे तपासली. जानेवारी २०१४ च्या अहवालात मंडळाच्या बहुमताने लिहिले, की या योजनेमुळे एखाद्या दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडला, असे एकही उदाहरण सापडले नाही. २०१५ मध्ये कायदा करून ती योजना बंद करावी लागली. या घटनेतून दोन गोष्टी कळतात. सरसकट पाळत आणि नेमकी पाळत यांत नेमकीचा उपयोग होतो. २६/११ च्या रात्री ऐकलेले फोन नेमके होते. आणि बाहेरच्या माणसांनी गुप्त कागद तपासले म्हणून अमेरिकेची सुरक्षा ढासळली नाही. उलट निरुपयोगी कामात गुंतलेली यंत्रणा मोकळी झाली.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. कळवले तर गुन्हेगार सावध होतील. म्हणूनच कळवायचे ते पाळत संपल्यावर. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकला तर पाळत संपल्यानंतर ९० दिवसांत संबंधिताला नोटीस द्यावी लागते. तपासाला धोका असेल तर न्यायाधीश ती लांबणीवर टाकू शकतो. हा नियम १९६८ पासून आहे. जर्मनीतही कळवण्याचे बंधन आहे आणि धोका असेपर्यंत थांबण्याची मुभाही. आणीबाणीच्या क्षणी परवानगीची वाट पाहत बसावे, असेही कोणी म्हणत नाही. आधी ऐका आणि कामाच्या सात दिवसांत मंजुरी घ्या, ही सवलत आपल्या नियमांतही आहे. ती मंजुरी सचिवाऐवजी न्यायाधीशाकडून घ्यावी, एवढाच बदल. न्यायाधीश डोळे मिटून सही करतील, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत अशा अर्जांना नकार मिळणे फार दुर्मीळ. म्हणूनच मी आधीच्या परवानगीपेक्षा नंतरच्या नोटिशीवर अधिक भर देतो. आपल्या आदेशाची प्रत उद्या त्या माणसाच्या आणि त्याच्या वकिलाच्या हातात पडणार आहे हे माहीत असलेला अधिकारी खोट्या नावाचा आदेश काढताना दहा वेळा विचार करील. आदेशांची संख्याही आपोआप खाली येईल. अमेरिकेत गुन्ह्यांच्या तपासासाठी गेल्या दशकभरात वर्षाला साधारण दोन ते चार हजार परवानग्या न्यायालयांनी दिल्या आणि तो आकडा दरवर्षी जाहीर होतो. आपल्याकडे एकट्या केंद्राचा तो जुना आकडा वर्षाला लाखाच्या आसपास जातो. दोन्हींची मोजणी सारखी नाही, आपल्या आकड्यात हेरगिरीविरोधी कामही धरलेले असणार. तरी अंतर विचार करायला लावणारे आहे.

राहिला तो नेहमीचा प्रश्न: माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही, मग मी कशाला घाबरू? तुमच्याकडे नसेल. पण तुमच्या तालुक्यातल्या वाळूउपशाची बातमी देणाऱ्या वार्ताहराला माहिती पुरवणारा तलाठी असतो, त्याच्याकडे असते. सरकारविरुद्ध खटला लढणाऱ्या वकिलाकडे अशिलाचे बोलणे असते. त्यांचे बोलणे ऐकले जाते या नुसत्या शंकेने ते गप्प बसले, तर तुमच्यापर्यंत बातमी पोहोचणार नाही आणि तुमचा खटला कोणी घेणार नाही. आणि बोलणे ऐकायचीही गरज नसते. सीआयए आणि एनएसएचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये जाहीर चर्चेत सांगितले, की कोणी कोणाला केव्हा फोन केला एवढ्या माहितीच्या आधारावर अमेरिका माणसे मारते. रणांगणावर ज्या माहितीवर जीव घेता येतो, ती घरच्या राजकारणात निरुपद्रवी कशी असेल?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बँकेला, दुकानाला, मोबाइल कंपनीला बंधने घातली, आणि त्यातल्या कलम १७ ने केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सगळ्या कायद्यातून वगळण्याचा अधिकार दिला. संसदेकडून इतक्यात फार अपेक्षा ठेवता येत नाही. पण महाराष्ट्राचा गृह विभाग स्वतःचे आदेश स्वतः काढतो, आणि किती आदेश निघाले एवढी संख्या सांगितल्याने कोणताही तपास फुटत नाही. येत्या अधिवेशनापूर्वी आपल्या आमदाराला पत्र लिहा आणि विधानसभेत हा प्रश्न विचारायला सांगा: गेल्या वर्षी राज्यात फोन ऐकण्याचे किती आदेश निघाले, आणि आढावा समितीने त्यांपैकी किती रद्द केले?